वस्तऱ्याचं वजन

इ. स. १७९५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात जॉर्ज पिअरसन नावाच्या डॉक्टर-रसायनज्ञाचा एक निबंध छापून आला. त्याच्या लांबलचक शीर्षकात मुंबईचं नाव होतं. मुंबईत तयार होणाऱ्या आणि तिथे ‘वूट्झ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोलादाचं स्वरूप शोधण्यासाठी केलेले प्रयोग, असा त्या शीर्षकाचा आशय. गंमत अशी, की हे पोलाद मुंबईत बनत नव्हतं. ते बनत होतं आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रमच्या परिसरात, म्हैसूरकडे आणि सेलमकडे, मातीच्या बंद मुशींमध्ये. मुंबईहून ते जहाजात चढलं, एवढाच मुंबईचा संबंध. मुंबईत असलेले डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याच्या वड्या सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवल्या होत्या. ज्या बाजारात माल दिसतो त्या गावाचं नाव त्याला चिकटतं. याच पोलादाच्या तलवारी पश्चिमेत दमास्कसच्या म्हणून गाजल्या, तसंच हे.

त्या वड्या ज्यांच्या हाती पडल्या त्यांत जेम्स स्टोडार्ट हे कारागीर होते. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर त्यांचं शस्त्रक्रियेची हत्यारं आणि वस्तरे बनवण्याचं दुकान होतं. त्यांनी वूट्झ तापवून, ठोकून पाहिलं, त्याला धार दिली, आणि पुढे आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रावरच छापून टाकलं, की अनेक वर्षं तुलना केल्यावर हिंदुस्थानचं हे पोलाद आपल्याला युरोपातल्या सर्वोत्तम पोलादाहून अधिक पसंत आहे. याच स्टोडार्टनी पुढे मायकेल फॅरडे या तरुण सहकाऱ्याबरोबर पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. फॅरडे लोहाराचा मुलगा, त्यामुळे भट्टी त्याला परकी नव्हती. चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे धातू पोलादात मिसळून काय होतं, हे दोघांनी पाहिलं. १८२० आणि १८२२ मध्ये त्यावर निबंध लिहिले. विजेच्या शोधांमुळे फॅरडेचं हे काम झाकोळलं गेलं. पण त्याचा चरित्रकार टिंडल सांगतो, की या मिश्रधातूंपैकी एकाचे वस्तरे फॅरडे आपल्या मित्रांना भेट देत असे.

वस्तराच का? मला या साऱ्या प्रकरणात याच गोष्टीचं कुतूहल वाटत आलं आहे. तलवारीला थोडा दाता पडला तरी ती चालते. कुऱ्हाड बोथट झाली तरी लाकूड फुटतं. वस्तऱ्याची धार मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून बारीक असावी लागते, आणि ती रोज, जिवंत कातडीला लागून, कातडी न कापता चालावी लागते. पोलादात कुठे कचरा असेल, कुठे मऊपणा राहिला असेल, तर तो दाढी करणाऱ्याच्या गालाला पहिल्याच हाताला कळतो. प्रयोगशाळेतली यंत्रं येण्याआधी पोलाद तपासायची याहून कडक कसोटी माणसाकडे नव्हती.

त्या काळचे वस्तरे हातात घेतले की पहिली जाणवते ती त्यांची जाडी. माझ्याकडे दोन जुने वस्तरे आहेत. एक शेफिल्डचा, पातं चांगलं रुंद आणि पाचरीसारखं भरीव. दुसरा जर्मनीतल्या झोलिंगेनचा, अरुंद आणि दोन्ही अंगांनी आत खोलगट घासलेला. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर घातले तेव्हा मुठीसकट पहिला ऐंशी ग्रॅमच्या पुढे गेला, दुसरा पन्नासच्या आत राहिला. दोन्हींनी मी दाढी केली आहे, अजूनही करतो. काम तेच, पण हाताला ती दोन वेगवेगळी हत्यारं वाटतात. या फरकाचा शोध घेताना माझं एक मत बनत गेलं. ते असं, की वस्तऱ्याचं वजन हे बऱ्याच अंशी बनवणाऱ्याचा आपल्या पोलादावर किती भरवसा होता, याचं माप आहे. पोलाद जसजसं भरवशाचं होत गेलं, तसतसं पातं हलकं झालं. आणि पातं हलकं होताना त्याचा भार दुसऱ्या कुणावर तरी पडत गेला.

आधी थोडं भूमितीचं बोलू. इंग्लंड-जर्मनीत वस्तऱ्याची रुंदी, म्हणजे पाठीपासून धारेपर्यंतचं अंतर, इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. आपल्या सुतार-लोहारांना हे समजावून सांगायची गरज नाही, कारण इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. चार सुती, पाच सुती, सहा सुती, सात सुती आणि क्वचित पुरते आठ सूत म्हणजे इंचभर रुंद, असे वस्तरे बनत. घरगुती वापरात पाच आणि सहा सुती सगळ्यांत जास्त.

वस्तऱ्याला धार लावताना तो दगडावर सपाट ठेवतात. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली असतात. धारेचा कोन हाताने ठरवावा लागत नाही, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून तो ठरवतात. ही युक्ती कुणा एकाची नाही, पण ज्या कुणाला प्रथम सुचली त्याला माझा नमस्कार. पाच सुती पातं म्हणजे साधारण सोळा मिलिमीटर रुंद. त्याची पाठ पाच मिलिमीटर जाड असेल तर धारेचा कोन अठरा अंशांच्या आसपास येतो. दाढीला तो योग्य. आता तेवढीच पाठ ठेवून पातं आठ सुती केलं तर कोन अकरा अंशांवर उतरतो. धार भयंकर तीक्ष्ण होईल, पण खुंटांवरून फिरताच दुमडेल किंवा तुटेल. कोन राखायचा तर पाठही त्याच प्रमाणात, आठ मिलिमीटर जाड करावी लागते. म्हणजे रुंदी वाढली की जाडीही वाढलीच. भरीव पाचरीच्या बाबतीत हिशेब असा होतो, की रुंदी १.६ पट झाली तर वजन २.५६ पट. पंचाहत्तर मिलिमीटर लांबीच्या धारेला, मूठ आणि मागची शेपटी सोडून, पाच सुती पाचरीत तेवीस ग्रॅम पोलाद लागतं. आठ सुतीत साठ ग्रॅम. नुसतं ‘रुंद पातं घ्या’ असं कुणी सांगतं तेव्हा तो नकळत दुपटीहून अधिक वजन हातात देत असतो.

या गणितातून सुटायचा मार्ग एकच. पाठ जाड ठेवायची आणि पाठ ते धार यांमधलं पोलाद दोन्ही बाजूंनी खरवडून काढायचं. कोन तोच राहतो, वजन घटतं. मात्र पातं लवचीक होतं, कारण पत्र्याची जाडी निम्मी केली तर तो आठपट सहज वाकतो. खोलगट वस्तऱ्याची धार नखावर हलकेच दाबली तर ती किंचित लवलेली दिसते. खुंट कापताना असं पातं आवाजही करतं, किणकिण म्हणावी असा. भरीव पाचर मुकी असते. या आवाजाचा उपयोग आहे. धार बसत चालली, कोन बिघडला किंवा फेस वाळला की आवाज बदलतो, आणि डोळ्यांआधी कान सावध होतात.

हाताला काय फरक पडतो? जड वस्तरा एकदा निघाला की आपल्या वेगाने दाट खुंटांतून जातो, मध्येच अडखळत नाही. त्यावर बोटांचा दाब द्यायचा नसतो. वजन आहे त्यात आपण भर घातली तर रक्त आलंच. हलका वस्तरा बोटांच्या प्रत्येक हालचालीला उत्तर देतो, चुकीच्या हालचालीलाही. रुंद पात्यावर फेस पुष्कळ मावतो, पुसायला कमी वेळा थांबावं लागतं, आणि गालासारख्या मोकळ्या जागी ते सरळ चालतं. पण नाकाखाली त्याची अडचण होते. तिथे चार सुती पातं जसं वळतं तसं सात सुती वळत नाही. धार कुठे टेकली हेच त्या रुंद पात्याआड दिसत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला पुस्तकांत कुठे नीट मांडलेली दिसली नाही. वस्तऱ्याचं वजन नेमकं काय करतं, हे दाढी करवून घेणारा कसा बसलाय यावर अवलंबून असतं. पाश्चात्त्य खुर्चीत गिऱ्हाईक मागे रेललेलं असतं, गाल जवळजवळ आडवा. तिथे वस्तऱ्याचं वजन धारेला कातडीवर दाबतं. आपण आरशासमोर उभे राहून स्वतःची दाढी करतो तेव्हा गाल उभा असतो. मग तेच वजन कातडीवर न पडता वरून खाली येणाऱ्या सुलट्या हाताला ओढ देतं, आणि हनुवटीखालच्या उलट्या हाताला मागे खेचतं. आपल्याकडे झाडाखाली किंवा ओसरीवर न्हावी आणि गिऱ्हाईक समोरासमोर उकिडवे बसत, म्हणजे गाल उभाच. डोक्याची हजामत असेल तर डोकं वाकवून पुढ्यात घेतलेलं, आणि तिथे वजन पुन्हा दाबाचं काम करी. एकाच बैठकीत, एकाच वस्तऱ्याने, दोन वेगवेगळे हिशेब. हे न्हाव्याच्या मनगटाला ठाऊक होतं.

अर्थात धार आणि वजन दोन्ही नंतरची. आधी पाणी. कोरडा केस त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेइतका चिवट असतो, असं म्हणतात. पाण्यात काही मिनिटं मुरला की तो फुगतो आणि कापायला लागणारा जोर निम्म्याहून कमी होतो. ‘बिनपाण्याने हजामत’ हा आपल्याकडचा वाक्प्रचार उगीच क्रूर नाही. सेना महाराजांनी न्हाव्याच्या कामाचं रूपक अभंगात रचलं, त्यात आरसा आणि चिमट्याबरोबर डोकं घोळायचं पाणीही आहे. ज्याला धंदा ठाऊक नाही तो वस्तऱ्यापासून सुरुवात करील; धंद्यातल्या माणसाला पाणी आठवतं.

शब्दांचंही थोडं इथेच सांगून टाकतो. ‘वस्तरा’ आपल्याकडे फारसीतल्या उस्तुऱ्यावरून आला. ‘हजामत’ अरबी, मुळात तुंबडी लावून रक्त काढण्याचं काम, जे न्हावीच करत. त्यांच्या आधीचा संस्कृत शब्द ‘क्षुर’. तो क्षौरात राहिला, सुरीत राहिला, आणि ग्रीक भाषेत त्याचा भाऊबंद ‘क्सुरॉन’ वस्तऱ्याच्याच अर्थाने आहे. म्हणजे या दोन भाषा एकत्र होत्या तेव्हापासून दाढी-डोईचं हे हत्यार आहे. ते किती सूत होतं, हे मात्र व्युत्पत्तीवरून कळत नाही.

युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक बदल झाला, ज्यामुळे वस्तऱ्याच्या वजनाचा प्रश्न एकदम पुस्तकाचा विषय बनला. तोवर ऐपतदार माणूस न्हाव्याकडून दाढी करवून घेई. आता तो स्वतः करू लागला. पॅरिसमधले सुरीकार झाँ-झाक पेरे यांनी १७६९ मध्ये स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर पुस्तक लिहिलं, आणि सुताराच्या रंध्यासारखी आड बसवलेला, गालात घुसणार नाही असा वस्तराही सुचवला. लंडनचे वस्तरेकार बेंजामिन किंग्जबरी यांचा वस्तऱ्यांवरचा प्रबंध शतकाच्या अखेरीस आला. त्याच्या शीर्षकातच वस्तऱ्याचं वजन, आकार आणि पाणी यांचा विचार केला आहे, असं सांगितलं आहे. वजन पहिलं. मला ते अगदी स्वाभाविक वाटतं. न्हावी तक्रार करत नसे, त्याचा हात तयार झालेला असे. सकाळी आरशासमोर उभा राहिलेला वकील किंवा व्यापारी दुकानदाराला येऊन विचारी, की हा जड पडतो, दुसरा दाखवा.

दुसरा दाखवायचा तर दुकानदाराकडे तो असायला हवा होता. तिथे पोलाद आडवं येई. जुन्या पद्धतीत लोखंडाच्या पट्ट्या कोळशात दिवसेंदिवस भाजून त्यांत कार्बन शिरवत. कार्बन वरून आत जाई. त्यामुळे पट्टीचा वरचा थर कडक, आतला मऊ. दुमडून, ठोकून तो फरक कमी करता येई, पण मिटत नसे. अशा पोलादाचं पातळ पातं करणं म्हणजे जुगार. जाड पाचरीत निदान धारेमागे आधार राही. शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने १७४० च्या दशकात पोलाद मुशीत पूर्ण वितळवायची रीत बसवली. त्याला घड्याळाच्या स्प्रिंगसाठी एकजीव पोलाद हवं होतं. शेफिल्डच्या सुरीकारांनी ‘हे फार कडक’ म्हणून ते नाकारलं, हंट्समनने फ्रान्सला विकलं, आणि फ्रेंच सुऱ्या इंग्लंडात येऊन खपायला लागल्यावर शेफिल्डला जाग आली. दख्खनच्या मुशीत जे शतकानुशतकं चाललं होतं त्याचंच हे वेगळ्या वाटेने केलेलं काम. स्टोडार्टला वूट्झचं अप्रूप का वाटलं, ते या पार्श्वभूमीवर कळतं.

पोलाद एकजीव असणं धारेला किती महत्त्वाचं, याचा पुरावा अगदी अलीकडे मिळाला. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये दाखवून दिलं, की पोलाद केसापेक्षा पन्नास पट कठीण असूनही केस धारेचे टवके काढतो. केस धारेला तिरका भिडला आणि नेमक्या त्या ठिकाणी पोलादाची सूक्ष्म रचना विषम असली, की टवका उडतो. म्हणजे धार झिजून झिजून गोल होते हा आपला समज अपुरा आहे. ती तुटते, आणि पोलादातल्या विषमतेपाशी तुटते. अठराव्या शतकातल्या वस्तरेकाराला सूक्ष्मदर्शकाखालचं हे चित्र ठाऊक नव्हतं. तो पातं जाड ठेवत होता.

मुशीचं पोलाद रुळल्यावरही शेफिल्डने पाचर लगेच सोडली नाही. सवय होती, अमेरिकेतल्या न्हाव्यांची मागणी होती. वेड अँड बुचर या शेफिल्डच्या नावाचे रुंद, जड वस्तरे तिकडे खूप गेले, आजचे शौकीन त्यांना कौतुकाने कोयतेच म्हणतात. पातळ, खोलगट पात्याची कला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत, विशेषतः झोलिंगेनमध्ये, पूर्णत्वाला गेली. वुपर नदीच्या आणि ओढ्यांच्या काठी पाणचक्कीवर चालणारी सहाणघरं तिथे पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यातली एक-दोन आजही जपलेली आहेत.

खोलगटपणा येतो चाकाच्या गोलाईतून. मोठ्या, पुरुषभर व्यासाच्या दगडी चाकावर पातं घासलं तर त्याची कड जवळजवळ सपाट निघते, म्हणजे पाचर. चाक जेवढं लहान तेवढा खळगा खोल. पुऱ्या खोलगट पात्याला वितीएवढ्या किंवा त्याहून लहान चाकांचं काम. पातं शेवटी धारेजवळ कागदासारखं होतं आणि घासणाऱ्याचा हात केसभर हलला तर भोक पडतं. शेफिल्डच्या पाचरीत आणि झोलिंगेनच्या खोलगट पात्यात कमी झालेलं वीस-पंचवीस ग्रॅम पोलाद कुठे गेलं, असा प्रश्न मी स्वतःला एकदा विचारला. ते धुळीत गेलं. त्याबरोबर दगडाचीही धूळ उडाली.

ही धूळ कोण गिळत होतं, याची नोंद शेफिल्डच्या डॉक्टरांनी करून ठेवली आहे, आणि वस्तऱ्यावर लिहिताना ती टाळणं मला शक्य नाही. तिथला सहाणकरी चाकासमोर घोड्यावर बसल्यासारखा बसे, पाठ वाकवून, तोंड चाकावर. काट्यांसारख्या वस्तू कोरड्या दगडावर घासत, सुऱ्या ओल्यावर, वस्तरे काही अंशी कोरड्या आणि काही अंशी ओल्या. कोरड्या दगडाची बारीक वाळू फुप्फुसात साठत जाई. डॉ. अर्नोल्ड नाइट यांनी १८३० मध्ये या ‘सहाणकऱ्यांच्या दम्या’वर लिहिलं. एंगल्सने इंग्लंडच्या कामगारांवरच्या आपल्या १८४५ च्या पुस्तकात नाइट यांचे आकडे दिले: कोरडं घासणाऱ्यांचं सरासरी आयुष्य जेमतेम पस्तीस वर्षं, ओलं घासणारे पंचेचाळिशी क्वचित ओलांडत. कॅल्व्हर्ट हॉलंड या दुसऱ्या डॉक्टरने १८४० च्या दशकात याच विषयावर मोठं काम केलं. धूळ ओढून घेणारे पंखे बसवता येत होते. एंगल्स लिहितो, की काही कामगारांनीच अशी साधनं मोडून टाकली. कारण धंदा सुरक्षित झाला तर माणसं वाढतील आणि मजुरी पडेल, ही भीती. मला हे वाचताना त्या कामगारांचा राग आला नाही. ज्याला आपल्या मृत्यूमुळेच बरी मजुरी मिळते, त्याने वेगळा हिशेब कसा मांडावा?

जर्मन सहाणकऱ्यांचं दुखणंही जातीने हेच. गिऱ्हाइकाच्या गालाला हलका लागणारा वस्तरा घडवताना वजन गेलं ते असं.

यानंतरची पायरी सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. अमेरिकेत किंग कँप जिलेटला विसाव्या शतकाच्या तोंडावर सुचलं, की पाठच नको. धारेपुरता पत्रा घ्यायचा, कोन धारकाने धरायचा, धार गेली की पत्रा फेकायचा. इतकं पातळ पोलाद कडक करणं अशक्य, असं जाणकारांनी सांगितलं होतं. विल्यम निकर्सन या अभियंत्याने ते जमवलं. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर खपले. पुढच्या वर्षी नव्वद हजारांवर. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना लाखोंनी वाटले गेले. जुन्या पाचरीत धारेमागे पाच-सात मिलिमीटरचं पोलाद होतं, आजच्या दुधारी ब्लेडची जाडी आहे मिलिमीटरचा दहावा भाग. पोलादावरचा भरवसा पूर्ण झाला, आणि धार लावायची विद्या घरातून गेली. त्याआधी श्रीमंताच्या घरी सात वस्तऱ्यांची पेटी असे, प्रत्येकाच्या पाठीवर वाराचं नाव, म्हणजे धारेला सहा दिवस विसावा. अशा पेट्या आता लिलावात दिसतात.

आपल्या गावगाड्यात न्हाव्याची धोकटी हीच त्याची पेटी. त्यात वस्तरा, कात्री, चिमटा, नराणी, आरसा, वाटी, धारेचा दगड आणि चामड्याचा पट्टा. बलुत्याच्या बदल्यात तो गावाच्या दाढ्या-डोया करी. एका वस्तऱ्याला वर्षानुवर्षं पुरवायचं म्हणजे दगड लागणारच, आणि दगडावर पाठ-धार दोन्ही घासल्या जात असल्यामुळे पातं अरुंद होत जाई, पाठही सपाट होत जाई, कोन मात्र फारसा बदलत नसे. जुन्या बाजारात चार सुतांहूनही अरुंद वस्तरे मिळतात, ते तसेच बनलेले असतात असं समजू नये. पाठीच्या कडेला चकाकती रुंद पट्टी दिसली, की तो मूळचा पाच-सहा सुती होता आणि कुणाच्या तरी हाताखाली झिजला, हे ओळखावं. हलक्या वस्तऱ्यासाठी न्हाव्याने जर्मनीकडे पाहायची गरज नव्हती. पंधरा-वीस वर्षांत तो त्याच्याच हातून हलका होई.

हा वस्तरा फक्त गालावर चालत नसे, आणि प्रत्येक डोकं आपणहून पुढे झुकत नसे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायचं नाही, असा संप केला. सत्यशोधक चळवळीच्या इतिहासात तो नोंदला गेला आहे. हत्यारांच्या इतिहासातही त्याची नोंद व्हावी, असं मला वाटतं. मजुरी बुडवून, गिऱ्हाईक दुखावून, गावकीच्या रोषाची भीती पत्करून कारागिराने आपलं हत्यार एका कामापुरतं खाली ठेवल्याची अशी उदाहरणं फार नाहीत.

आज सलूनमध्ये जे दिसतं तो वस्तरा आहेही आणि नाहीही. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये झाली, १९९२ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि ‘प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड’ हा आग्रह गावोगाव पोचला. एकाच धारेने दहा जणांची दाढी करणं संपलं, ते योग्यच झालं. दुधारी ब्लेड वेष्टनासकट मधून मोडायचं, अर्धं पातं पत्र्याच्या धारकात सरकवायचं. आकार वस्तऱ्याचा, धार जिलेटच्या कल्पनेची. यात पाठ नाही, खळगा नाही, किणकिण नाही. अर्धं ब्लेड नव्या वस्तऱ्याहून तीक्ष्ण आणि अतिशय कडवं असतं. खऱ्या वस्तऱ्याचा कोन थोडा चुकला तर तो ओरखडतो, हे कापतं.

आमच्या भागातल्या एका सलूनवाल्या काकांशी मी यावर बोललो. साठीच्या पुढचे, बापाच्या हाताखाली शिकलेले. पहिलं वर्षभर त्यांना बापाने गिऱ्हाइकाला हात लावू दिला नव्हता. दगड, पट्टा आणि स्वतःची पोटरी. मी विचारलं, “काका, जड वस्तरा बरा की हलका?”

“पोराचा हात असंल तर जड द्यावा,” ते म्हणाले. “जड वस्तरा पोराला शिकवतो. हलका पोराला फसवतो.”

“आणि हे अर्ध्या ब्लेडचं?”

त्यांनी हातातला धारक माझ्या तळव्यावर ठेवला. दिसायला पत्र्याचा, पण अपेक्षेपेक्षा जड. बाजारात मिळणारे धारक फार हलके, गालावर थरथरतात, म्हणून त्यांनी मुठीच्या पोकळीत शिशाची पट्टी बसवून घेतली होती. “सोनाराकडनं केली,” म्हणाले. मी तो दोन बोटांवर तोलून पाहिला. तोल नेमका खिळ्यापाशी, जिथे जुन्या वस्तऱ्याचा असतो. त्यांच्याकडे शिकायला असलेल्या मुलाला मात्र हे ओझं नको होतं. त्याने स्वतःचा नवा, रंगीत, प्लॅस्टिकच्या मुठीचा धारक घेतला होता आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या गालावर तो बऱ्यापैकी सफाईने चालवत होता.